ठोकळ्यातले चार प्लग

३ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र खुर्चीत बसून वाच आणि पाण्याचा पेला जवळ ठेव. मला तुझ्या गाडीला नायट्रस लावायचंय.

बसलास? आता पुढचं. एप्रिलच्या दहा तारखेला, रविवारी, विमानांच्या जुन्या धावपट्टीवर चारशे मीटरची शर्यत आहे. वर्कशॉपच्या भिंतीवर तू खडूनं लिहिलेला आकडा अजून तसाच आहे, १५.१ सेकंद. दोन वर्षांपूर्वी किल्ल्या माझ्या हातात देऊन तू गेलास, त्यानंतर मी भिंत दोनदा रंगवली, पण तेवढा चौकोन सोडून. रोज शटर वर केलं की पहिली नजर त्याच्यावर जाते. एकदा तरी त्याच्याखाली तेरा पॉइंट काहीतरी लिहायचंय.

इंजिन उघडणार नाही. तू तीन वर्षं खपून ते बांधलंस, त्यातले पिस्टन आता कुठं मिळत नाहीत, त्यातला एक गेला तर इंजिन कायमचं गेलं, हे सगळं आईनं मला पाळण्यात ऐकवलंय. डिकीत नायट्रस गॅसची एक बाटली, तिथून पुढं एक नळी, स्टिअरिंगजवळ एक लाल बटण. बस, एवढंच. पण इंजिन तुझं, तेव्हा परवानगीही तुझी. नाही म्हणालास तर विषय बंद. (नाही म्हणू नकोस.)

फोनच केला असता, पण तुझे अर्धे कान इंजिनांनी नेले आणि उरलेले अर्धे तू सोयीनं वापरतोस.

तुझी
दहानंबर


११ फेब्रुवारी

दहानंबर,

नाही.

एवढं लिहून पाकीट चार दिवस टेबलावर पडून होतं. तुला दहानंबर म्हणतो ते उगाच नाही. दहाचा पाना जसा कामाच्या वेळी हाताला लागत नाही, तशी तू लहानपणी नेमकी जेवायच्या वेळी गायब असायचीस आणि कुठल्यातरी गाडीखाली सापडायचीस. मी नाही म्हणालो तर हे काम तू गाडीखाली लपून करशील. त्यापेक्षा माझ्या देखत केलेलं बरं.

आमच्या वेळी कार्ब्युरेटर होते. त्याच्याखाली एक चकती बसवायची, तिच्यातून गॅस आणि पेट्रोल सोडायचं, झालं काम. पुढच्या नळ्या मुळात पेट्रोल वाहायलाच केलेल्या असायच्या. या इंजेक्शनच्या इंजिनात तसं नाही. त्याच्या मॅनिफोल्डला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांना, जन्मापासून फक्त हवा माहीत. पेट्रोल मिळतं ते अगदी शेवटी, सिलिंडरच्या दारात, इंजेक्टरमधून. तू तोंडाशीच दोन्ही सोडलंस तर वळणावर गॅस पुढं निघून जाईल, पेट्रोल तळाशी साचेल, एक सिलिंडर तुडुंब आणि दुसरा उपाशी. नायट्रस म्हणजे आगीला घातलेला जास्तीचा वारा. वारा वाढला आणि पेट्रोल वाढलं नाही, तर आग इतकी तापते की पिस्टनला भोक पडतं. बाकी सगळं विसरलीस तरी एवढं विसरू नकोस.

तेव्हा चार सिलिंडरना गॅस-पेट्रोल फवारणारे चार नॉझल, आणि प्रत्येकाचं पेट्रोलचं जेट वेगळं. जेट म्हणजे काय, पितळेचा एवढासा तुकडा, मधे भोक. एखादा सिलिंडर उपाशी राहिला तर त्याच्यापुरतं मोठ्या भोकाचं घालायचं. गॅस-पेट्रोल जिथून चौघांत वाटलं जातं त्या वाटणीच्या डबीपासून चारही नळ्या सारख्या लांबीच्या हव्यात, केसाचाही फरक चालणार नाही, नाहीतर एकीकडे गॅस आधी पोचतो आणि पेट्रोल मागून धापा टाकत येतं. लाल बटण दाबलं तरी पाय पूर्ण दाबलेला नसेल आणि इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर फिरत नसेल, तर गॅसचा व्हॉल्व्ह उघडता कामा नये. स्पार्क थोडा मागं घे, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडू दे.

आधी लहान जेटवर एक धाव घे. पूर्ण वेगात असताना इंजिन बंद कर, गाडी तशीच घरंगळत थांबू दे, प्लग काढ आणि आपल्या लाकडी ठोकळ्यात बसवून पोस्टानं पाठव, त्यांच्या रंगावरून कोण उपाशी ते कळेल. ठोकळा कपाटाच्या वरच्या खणात आहे. चार भोकं, एका टोकाला खाच. खाच डाव्या हाताला धरायची, तिकडून एक, दोन, तीन, चार. आणि आपला नियम पाळ: तुला प्लगवर काय दिसलं ते लिहायचं नाही. लिहिलं की वाचणाऱ्यालाही तेच दिसायला लागतं. मी इकडून सांगेन.

मी मजेत आहे. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहायला आल्यात. निवृत्त आहेत, पण हात शिवशिवतात. माझी दाढ त्यांनी जिन्यातच तपासली. संध्याकाळी चहाला येतात.

मामा


९ मार्च

मामा,

झालं! बसलं सगळं. डिकीत बाटली आडवी, तोंड पुढं. चार नॉझल, चारही नळ्या तू म्हणालास तशा. बटण मी मुद्दाम दहाच्या पान्यानं घट्ट केलं. तो सापडला, हे विशेष.

काल सकाळी धावपट्टीवर एकटीच गेले होते. पहिल्या गिअरमध्ये नेहमीसारखंच. दुसऱ्यात पाय पूर्ण दाबला, बटण दाबलं, आणि मामा, कुणीतरी मागून उचलून पुढं ठेवल्यासारखं झालं. आवाजसुद्धा फारसा वाढला नाही, नुसता जाड झाला. मी एकटी गाडीत मोठ्यानं हसत होते. मग तुझा दम आठवला आणि इंजिन बंद केलं. गाडी घरंगळत थांबेपर्यंत फक्त टायरांचा आवाज. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

प्लग ठोकळ्यात आहेत. मला काय दिसलं ते सांगत नाही. नियम म्हणजे नियम.

तुझ्या अक्षराला काय झालंय? गेल्या पत्रात एका पानावर आठ ओळी होत्या. पोस्टात पाकीट जड झालं म्हणून त्यांनी मलाच बोलणी ऐकवली. निवृत्त झाल्यावर माणूस ऐसपैस होतो म्हणतात, पण इतका? का डॉक्टरीणबाईंवर छाप पाडायला सुंदर अक्षर काढायला लागलायस? खरं सांग, त्या संध्याकाळी नुसत्याच चहाला येतात ना?

दहानंबर


१७ मार्च

दहानंबर,

ठोकळा मिळाला. प्लग भिंगाखाली नीट पाहून झाले.

पहिल्या तिघांची प्रकृती उत्तम. रंग बिस्किटासारखा, कुठं कीड नाही, झीज नाही. चौथ्याकडे मात्र लक्ष द्यायला हवं. पांढऱ्या भागावर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके आहेत, त्यात दोन-तीन चकचकीत. कड किंचित झिजली आहे. अजून वरवरचं आहे, पण वेळेवर उपाय केला नाही तर मुळापर्यंत जाईल. चकचकीत ठिपके म्हणजे पिस्टनचे कण, हे मी वेगळं सांगायला नको. चार नंबर उपाशी आहे. त्याला पेट्रोलचं मोठं जेट घाल. तोवर बटणाला हात लावू नकोस.

ठोकळा प्लगसकट परत पाठवतोय. अक्षराचं म्हणशील तर नवीन पेन आहे.

मामा


६ एप्रिल, बुधवार

मामा,

मोठी जेटं दोन मागवली होती, आलं एकच, तेही परवा. काल ते चार नंबरला घातलं. पुन्हा एक धाव घेऊन बघितलं असतं, पण बाटली भरून मिळते ती जागा इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि आता बाटलीत आहे तो गॅस रविवारपुरताच.

तुझं पत्र वाचून मी जरा गोंधळले होते. आता तुझं वाचन झालंय म्हणून सांगते, मला ठिपके एक नंबरवर दिसले होते. पण तू चार म्हणतोस, म्हणजे मीच खाच उजवीकडे धरून मोजलं असणार. घाईत होते. एक नसून चार निघाला याचा मला उलट आनंदच झालाय. का, ते विचारू नकोस.

आणि तुझं वाचन! ‘कीड नाही’, ‘मुळापर्यंत जाईल’! आठवडाभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवत होते. संगतीचा परिणाम दुसरं काय. आता मला इंजिनला दिवसातून दोनदा ब्रश करायला लावू नकोस म्हणजे झालं.

रविवारी सकाळी दहाला पहिली गाडी सुटेल. माझी आठवण काढ.

दहानंबर


११ एप्रिल, सोमवार

दहानंबर,

तुझं पत्र आज सकाळी आलं. शर्यत काल झाली. बाईंनी तुझ्या वर्कशॉपला चारदा फोन लावला, कुणी उचलला नाही. तुझा मोबाइल बंद. शेवटी ताईला लावला. ती म्हणाली, पोरगी ठणठणीत आहे, वर झोपलीय, गाडीबिडीचं मला विचारू नकोस. माझा जीव भांड्यात पडला. गाडीचं मी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

आता खरं सांगतो. तुझे प्लग मी वाचले नाहीत.

मला दिसत नाही, दहानंबर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्ष झालं. माणूस दारात उभा राहिला तर आकार कळतो, चेहरा कळत नाही. म्हणून अक्षर असं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो साधं ऑपरेशन आहे, पण मला भीती वाटली. आयुष्यभर प्लगवरचा केसाएवढा फरक या डोळ्यांनी पाहिला. आता सुरी लावली आणि तेवढं बारीक परत दिसलंच नाही तर? त्यापेक्षा धुकं बरं, धुक्यात निदान आशा असते, असं मनाशी म्हणत बसलो. तू ठोकळा पाठवलास तेव्हा तुला नाही म्हणवेना. एवढं एकच काम राहिलं होतं ज्यासाठी तुला माझी गरज होती.

मग बाईंना बसवलं. त्यांच्याकडे दात बघायचं भिंग आहे. तुझी पत्रंही त्याच वाचून दाखवतात. तुझं ते चहाचं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. ठोकळा त्यांच्यासमोर खाच डावीकडे करून ठेवला, म्हटलं, डावीकडून एक-एक सांगा. त्यांनी सांगितलं. रंग सांगितला, ठिपके सांगितले, चकाकी सांगितली, माझ्यापेक्षा बारीक सांगितलं. पहिला चांगला, दुसरा चांगला, तिसरा चांगला, चौथ्यावर ठिपके.

आज तुझं पत्र वाचताना ‘मला एक नंबरवर दिसले होते’ इथं त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “अहो, मी डावीकडून म्हणजे समोरच्याच्या डावीकडून मोजलं.” चाळीस वर्षं लोकांच्या जबड्यात बघणारी बाई. उघडं तोंड समोर असलं की समोरच्याचा डावा तो डावा, म्हणजे आपल्या उजव्या हाताचा. भोकात उभे राहिलेले चार पांढरे प्लग दिसले आणि त्यांचा हात सवयीनं उजवीकडून सुरू झाला. त्यांची चूक नाही. विचारायचं मी होतं आणि विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला दिसत नाही हे दुसऱ्यांदा कबूल करावं लागलं असतं.

तू बरोबर होतीस. एक नंबरच उपाशी होता. आणि माझ्या शब्दावर तू जेट चारला घातलंस. पिस्टन वितळला असेल तर तो मी वितळवला, तू नाही. गाडी भंगारात गेली तरी चालेल, पण तुझं चुकलं असं एक दिवसही मनात ठेवू नकोस. हे पत्र आजच्या टपालानं जातंय.

मामा

ता.क. तुला न भेटताच ‘तू’ म्हणते आहे. चूक माझी आहे, यांचं ऐकू नकोस. यांनी आज दुपारचं जेवण तसंच ठेवलंय. गाडीचं जे असेल ते लवकर कळव. आणि हो, चहालाच येते. – खालच्या मजल्यावरची


११ एप्रिल, सोमवार

मामा,

१३.८६! उभी राहून वाच, नाचत वाच, कसंही वाच. १३.८६!

काल रात्री आठला झोपले ती आज दुपारी उठले. मोबाइल काल इंजिन ऑइलच्या ट्रेमध्ये पडला. अजून तिथंच आहे, काढायचं धाडस नाही.

आता दुसरी बातमी, आणि ती सांगताना माझं तोंड एवढंसं झालंय. मी तुझं ऐकलं नाही. आणि त्याआधी तुझ्याशी खोटं बोलले.

चारही नळ्या सारख्या नव्हत्या. वाटणीची डबी मधोमध बसेना, आड बॅटरी येत होती. म्हणून मी ती चार नंबरच्या बाजूला सरकवली. मग एक नंबरपर्यंत नळी पोचेना, तिला जोड देऊन दोन बोटं लांब केली. तू केसाचा फरक म्हणाला होतास आणि मी दोन बोटांचा फरक ठेवून तुला लिहिलं, ‘तू म्हणालास तशा’. प्लग काढले तेव्हा ठिपके एकवर दिसले, आणि का ते मला माहीत होतं. मग तुझं पत्र आलं. चार! म्हणजे नळीचा दोष नाही, माझा दोष नाही. मी इतकी खूश झाले की ठोकळा हातात असून त्याच्याकडे नीट बघितलं नाही.

काल रांगेत माझ्यापुढं सहा गाड्या होत्या. बॉनेट उघडं होतं. ती जोड दिलेली नळी समोर, तिच्यावर माझ्याच हातचं ओबडधोबड वेल्डिंग. मोठं जेट एकच, आणि ते चारला. तेव्हा मी स्वतःला विचारलं, बाई गं, नऊ वर्षांची असल्यापासून तू त्या ठोकळ्यात प्लग बसवतेस, कधी खाच चुकलीस? कधीच नाही. मग मामा का चुकला ते मला कळेना. तू असा चुकत नाहीस. पण मला जे दिसलं होतं ते दिसलं होतं. चार गाड्या उरल्या असताना मी पाना घेतला. घाईत जेट दोनदा खाली पडलं. चारचं काढून एकला घातलं. बॉनेट लावलं तेव्हा पुढं एकच गाडी होती.

तुझं इंजिन, तुझा शब्द, आणि मी दोन्ही पणाला लावले. तिसऱ्या गिअरला बटण दाबलं तेव्हा मी देवाला नाही, पिस्टनला हाक मारली. एकही धक्का नाही, खडखड नाही. गाडी सरळ रेघेत निघाली. प्लग काढले, एकावरही ठिपका नाही.

आकडा अजून भिंतीवर लिहिलेला नाही. तू रागावला नाहीस असं कळलं की लिहीन.

दहानंबर


२० एप्रिल

मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून गेली. तुझं वाचून मी शटर खाली ओढलं आणि आत बसून पोटभर रडले, मग त्या जबड्याच्या भागाशी आले आणि रडता रडता हसायला लागले. शेजारचा पंक्चरवाला दार वाजवून विचारायला आला. बाईंना सांग, त्यांनी उलटं मोजलं नसतं तर नळीचं खोटं मी कधी कबूलच केलं नसतं. आणि त्यांचं वाचन मी अजून लोकांना दाखवते, फक्त आता नाव खरं सांगते.

तुझ्यावर मात्र रागावलेय. वर्षभर दिसत नाही आणि मला ‘नवीन पेन’! तुला वाटतं मला तुझी गरज फक्त प्लग वाचायला आहे? मग बाईच बऱ्या, त्यांचं भिंग चांगलं आहे.

ऐक. बॅटरी डिकीत हलवली. डबी मधोमध आणली. चारही नळ्या नव्या कापल्या, दोऱ्यानं मोजून. मोठं जेट काढलं, चौघांना एकच माप. बाटली भरून आणून काल धाव घेतली. त्या धावेचे प्लग ठोकळ्यात आहेत. पण ठोकळा मी बाईंच्या नावानं पाठवतेय, कुलूपवाल्या डब्यात, किल्लीसकट. त्यांना माझी विनंती आहे की ऑपरेशन झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मला काय दिसलं ते लिहीत नाही. नियम म्हणजे नियम.

दहानंबर


२७ मे

दहानंबर,

तुम्ही दोघींनी मिळून मला कात्रीत पकडलं. डबा महिनाभर बाईंच्या कपाटावर होता. रोज चहाला येताना किल्ली गळ्यात घालून यायच्या. शेवटी मीच म्हटलं, चला एकदाचं.

उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी परवा निघाली. पहिली गोष्ट दिसली ती पडद्याचा रंग. गेल्या वर्षी लावला तेव्हापासून मी तो तपकिरी समजत होतो, तो हिरवा आहे. मग बाई दिसल्या. त्याबद्दल तुला काही सांगणार नाही, तू लगेच चिडवशील. मग त्यांनी डबा टेबलावर ठेवला, आणि मी झाकण दोनदा उघडून मिटलं, कारण आता धुक्याचं निमित्त नव्हतं. दिसलं नाही तर नाहीच.

दिसलं. पांढऱ्या चिनी मातीवर खाली बारीक वर्तुळ, बिस्किटाच्या रंगाचं, कडा शाबूत. तारेवर जिथं रंग पालटतो ती रेघसुद्धा दिसली. मी भिंग न घेता बघत होतो. बाईंनी आपणहून भिंग पुढं केलं तेव्हा म्हटलं, थांबा जरा, असंच बघू द्या.

मी रागावलेलो नाही. जोड दिलेल्या नळीबद्दल ओरडणार होतो, पण मी स्वतः वर्षभर जोड देऊनच चाललो होतो, तेव्हा कोणत्या तोंडानं ओरडू? आकडा लिही. माझ्या आकड्याच्या खाली नको, वर लिही. तेवढा चौकोन पुरला नाही तर माझा पूस. भिंत तुझी आहे.

अक्षर बारीक आलंय. वाचायला त्रास झाला तर आता तूच डोळे तपासून घे. डावा डोळा पुढच्या महिन्यात, मग मी तिकडे येतोय. बाईही येणार म्हणतात, त्यांना ते लाल बटण बघायचंय.

वाचन द्यायचं राहिलं. ठोकळा मधे ठेवला. मी माझ्या पद्धतीनं डावीकडून मोजत गेलो, बाई त्यांच्या पद्धतीनं उजवीकडून. मधे भांडण होणार असं वाटलं. पण दोघांचं उत्तर एकच आलं. चौघेही पोटभर जेवलेले आहेत, चौघे सारखे. आता कुणीही कुठूनही मोजा.

मामा